वधूपक्षाची उत्तरं

कोल्हापुरात पाऊस लागला की गाडीवरची माणसं स्वतःला प्लास्टिकात गुंडाळून घेतात. आमचे सर मात्र चिंब भिजत यायचे, आणि गाडीच्या कॅरिअरवर बांधलेली त्यांची बाजाची पेटी बायकोचं जुनं नऊवारी लुगडं आणि त्यावर खताच्या पोत्याचा प्लास्टिकचा कागद असं दुहेरी पांघरून आरामात बसलेली असायची. सर, निदान टोपी तरी घाला, असं कुणी म्हटलं की ठरलेलं उत्तर यायचं. "मी वाळतोय की. पेटी वाळत न्हाय."

या माणसानं मला इंग्रजी शिकवलं. साठी उलटल्यावर, मांडी घालून, टाळ्या वाजवून आणि गाऊन. हे सांगितलं की लोक तोंडाला पदर लावून हसतात. हसू देत. हसणाऱ्यांतल्या निम्म्यांना विमानतळावर घाम फुटतो, मला फुटला नाही. म्हणजे फुटला, पण टिपता येईल एवढाच.

सर जाऊन आता वर्ष होत आलं. शोकसभेत एकेक जण उठून त्यांना व्यासंगी काय म्हणाला, ज्ञानतपस्वी काय म्हणाला, आणि मी मागच्या खुर्चीत बसून चरफडत होते. व्यासंगी कसले, हट्टी होते. एक नंबरचे हट्टी. त्यांच्याशी मी जेवढी भांडले तेवढी सख्ख्या नणंदेशी भांडले नाही. पण मेलेल्या माणसाचा हट्टीपणा सभेत कुणी सांगत नाही, म्हणून म्हटलं, आपणच सांगून टाकावा.

माझी गरज साधी होती. एकुलता एक पोरगा कॅनडाला गेला आणि तिथंच लग्न करून बसला. सून गुणाची होती, पण इंग्रजीत होती. तेवढं आम्ही चालवून घेतलं. मग नात झाली, आणि तीही इंग्रजीतच बोलायला लागली. दर रविवारी फोनवर तिचं गोरंगोमटं तोंड दिसायचं, ती हातवारे करून भलंमोठं काहीतरी सांगायची, आणि मग पोरगा मध्ये तोंड घालून म्हणायचा, "आई, ती म्हणतेय मी मजेत आहे." एवढं पुराण सांगितलं लेकरानं आणि माझ्यापर्यंत आले चार शब्द. बाकीचे काय कस्टममध्ये अडकले? मी काही विचारलं तर ते तिच्यापर्यंत जाताना असंच निम्मं होत असणार. मला तो मधला माणूस नको होता. स्वतःचा पोरगा असला तरी नको होता. पुढच्या पावसाळ्यात, म्हणजे त्यांच्याकडच्या सुट्टीत, ती सगळी महिनाभर कोल्हापूरला येणार होती, आणि तोवर मला माझ्या नातीशी सरळ बोलता यायला हवं होतं. एवढंच.

आमचे मालक म्हणाले, आता या वयात इंग्रजी कुठलं डोक्यात शिरतंय. ही नेमकी सरांच्या धंद्याची पहिली पायरी होती, कारण सरांचं म्हणणंच मुळी असं की डोक्यात काही शिरवायचंच नाही.

सरांनी उभी नोकरी एका हायस्कुलात इंग्रजी शिकवण्यात काढली होती. "माझ्या हाताखालनं निम्मं कोल्हापूर इंग्रजीत पास झालं," ते सांगायचे, "आणि बोललं एकबी न्हाय." हे त्यांच्या मनाला फार लागलं होतं. निवृत्त झाल्यावर ते भजनी मंडळात पेटी वाजवायला बसू लागले. तिथं एक टाळकरी होते. ते दर एकादशीला आपली चप्पल कुठं काढली ते विसरायचे आणि दुसऱ्याची घालून घरी जायचे, पण भजनाला बसले की उजाडेपर्यंत एकही ओळ दुसऱ्यांदा न म्हणता म्हणत राहायचे. सरांनी तिथंच मांडीवर थाप मारली म्हणे. माणसाचं डोकं गळतं, गळा गळत नाही. जे टिकवायचं ते गळ्यात ठेवावं. मग त्यांनी रोजच्या वापरातलं सगळं इंग्रजी वाक्यावाक्यानं घेतलं आणि त्याला आपल्या चाली लावल्या.

कशाला कुठली चाल याचं त्यांचं शास्त्र होतं. बँकेतलं इंग्रजी आरतीच्या चालीत, कारण तिथंही आपण हात जोडूनच उभे असतो. दवाखान्यातलं अंगाईच्या चालीत. स्वयंपाकघरातलं जात्यावरच्या ओवीत. विमानतळ, पासपोर्ट, साहेबासमोर उभं राहणं हे सगळं पोवाड्यात, म्हणजे छाती आपोआप पुढं येते. पार्सल फुटकं आलं, खोलीत पंखा चालत नाही, असल्या गोष्टी सांगायच्या तर गवळणीत. मी विचारलं, गवळणीत का? सर म्हणाले, "गवळण म्हंजे काय असतंय वैनी? तक्रार अर्जच की." आणि माफी मागणं भैरवीत, शेवटी.

वर्ग भरायचा एका मंगल कार्यालयाच्या जेवणाच्या हॉलमध्ये. कार्यालयाची मालकीण आमच्यातच शिकत होती, म्हणून जागा फुकट. अट एकच, लग्न नसेल त्या दिवशी. त्यामुळं आमच्या इंग्रजीच्या वर्गाचं वेळापत्रक पंचांगात बघावं लागायचं. मुहूर्त असला की सुट्टी, चातुर्मास लागला की रोज वर्ग. आत शिरलं की आदल्या लग्नाच्या मसालेभाताचा वास यायचा, आणि सर म्हणायचे, भूक लागली तर 'आय अ‍ॅम हंग्री' नीट सुरात निघतं.

हॉलमध्ये पंगतीसाठी जमिनीवर समोरासमोर दोन पट्ट्या आखल्या होत्या. आम्ही त्याच पट्ट्यांवर बसायचो. एका पट्टीला सरांनी नाव दिलं होतं वरपक्ष, दुसरीला वधूपक्ष. वरपक्षानं प्रश्न विचारायचे, वधूपक्षानं उत्तरं द्यायची. जगात असंच चालतं, असं ते म्हणायचे. समोरून सूर यायचा, "व्हेअर इज द शुगर?" आम्ही म्हणायचो, "इट इज इन द किचन, सर." प्रत्येक उत्तराच्या शेवटी 'सर' लावायचाच, तो मात्रेला लागतो म्हणून. आणि समोरची ओळ गात असताना आम्ही तोंड मिटून फक्त टाळी धरायची. हा नियम फार कडक होता. दुसरा बोलत असताना गप्प बसणं आपल्या माणसांना जमत नाही, निदान हाताला काम द्यावं, असा त्यांचा हिशेब. "निम्मं इंग्रजी म्हंजे समोरच्याचं ऐकणं," ते सांगायचे. वही आणायची नाही, अर्थ लिहायचा नाही, आणि एकदा बसलेली जागा बदलायची नाही.

याचा परिणाम काय व्हायचा तो झाला. ज्या वरपक्षात बसल्या त्यांना फक्त प्रश्न आले, आम्हाला फक्त उत्तरं. आमच्यात एकाच घरातल्या दोन जावा होत्या, मूळच्या मलकापूरच्या. कुठल्याशा लग्नाच्या फोटोत पुढं कोण बसणार यावरून त्यांचं बोलणं बंद पडलं होतं, ते कित्येक वर्षं बंदच. सरांनी थोरलीला वरपक्षात बसवलं आणि धाकटीला बरोबर तिच्यासमोर. थोरली मान फिरवून गायची, "हाऊ आर यू?" धाकटी छताकडं बघून म्हणायची, "आय अ‍ॅम फाइन, थँक यू, सर." दोनेक महिन्यांनी त्यांच्या सासूबाई आम्हाला मंडईत भेटल्या. म्हणाल्या, घरात आता आवाज असतो बघा. थोरली विचारते, मीठ कुठं हाय. धाकटी सांगते, फळीवर हाय. पण सगळं इंग्रजीत. मराठीत त्यांचं भांडण अजून हायच. पुढं त्या दोघी बंगलोरला लग्नाला गेल्या तेव्हा हॉटेलात, रिक्षात, दुकानात जोडीनंच हिंडल्या. थोरलीनं विचारायचं, आणि कुणी उलट विचारलं तर धाकटीनं सांगायचं. दोघी मिळून एक बाई इंग्रजी बोलत होती.

सर परीक्षा घ्यायचे नाहीत, कुठंही गाठायचे. आपण मेथीची जुडी निवडत असावं आणि पलीकडच्या वांग्यांच्या ढिगाआडून आवाज यावा, "हाऊ मच इज धिस?" मग पिशवी खाली ठेवून सुरात उत्तर दिल्याशिवाय सुटका नाही. त्याच कार्यालयात एकदा आमच्या ओळखीतलं लग्न होतं. पंगत बसलेली, सर कमरेला टॉवेल गुंडाळून भात वाढायला उभे. जवळ येऊन त्यांनी हळूच सूर लावला, "वुड यू लाइक सम मोर राइस?" आणि आमची अख्खी ओळ सवयीनं एका आवाजात म्हणाली, "जस्ट अ लिटल, प्लीज, सर." नवरदेवाकडची पावणं मंडळी सांगलीकडची. त्यांना वाटलं ही इकडची काहीतरी पद्धत आहे, आणि पुढचे दोन पदार्थ त्यांनी 'प्लीज' म्हणूनच घेतले.

आता माझं भांडण. मला पहिल्या दिवशी सरांनी वधूपक्षात बसवलं. मी म्हटलं, सर, मी आजी आहे. आजीच्या पोटात सगळे प्रश्नच असतात. जेवलीस का, थंडी वाजते का, कुणी मारलं का, शाळा आवडते का. मला हे विचारायचं आहे, मला समोर बसवा. सर नाही म्हणाले. मी दर आठवड्याला विचारायची, ते दर आठवड्याला नाही म्हणायचे. एकदा मी चिडून सरळ जाऊन वरपक्षाच्या पट्टीवर बसले. सरांनी पेटीचा भाता मिटला आणि वर्ग सोडून दिला. बायका मला काय काय बोलल्या ते इथं सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या दारात गेले आणि कारण विचारलं. सर ओट्यावर बसून शेंगा फोडत होते. वर न बघताच म्हणाले, "वैनी, प्रश्न इचारायला काय लागतंय? पोलीस बी इचारतोय. उत्तर द्याय माणूस तयार पाहिजे. तुमचं झालं की मी सांगतो." काय झालं की, कधी सांगणार, काही नाही. शेंगा पुढं केल्या. मी त्या घेतल्या नाहीत.

पावसाळा आला आणि माझी माणसं आली. राधानगरीकडून ढग येत होते ते हटायचं नाव घेत नव्हते, आणि पोर घरात कोंडून पडली. मी रोज नटूनथटून तिच्यासमोर बसायची. माझ्याजवळ सगळी उत्तरं तयार होती. साखर कुठं आहे, बस किती वाजता आहे, मी कशी आहे, सगळं. ती काही विचारेचना. लाजाळू पोर, नवं घर, बापाच्या मांडीत तोंड खुपसून बसायची. मी तरी काय करू? आपण होऊन तिला म्हणू, आय अ‍ॅम फाइन, थँक यू? एकदा म्हणून पाहिलं. ती रडायला लागली. पोरगा लगेच मध्ये पडला, "आई, मी सांगतो ना तिला." म्हणजे वर्षभर घसा फोडून मी जिथं होते तिथंच. त्या दिवशी मला सरांचा इतका राग आला की काय सांगू.

तेवढ्यात सूनबाईंनीच काढलं की त्यांना माझे इंग्रजीचे सर बघायचे आहेत. मी म्हटलं, बरं झालं, घरी बोलावते आणि सुनेदेखत झाडते. सर आले. इस्त्रीचा शर्ट, दाढी केलेली, हातात पेटी नाही. सूनबाई अदबीनं समोर बसल्या आणि त्यांनी सावकाश, एकेक शब्द तोडून विचारलं की आपण किती वर्षं शिकवता. सर माझ्याकडं बघायला लागले. सूनबाईंनी आणखी काहीतरी विचारलं. सरांनी भडंगाची बशी ओढली आणि खाली मान घालून सगळं भडंग संपवलं. मग चहा प्याले. मग नमस्कार करून उठले. एक शब्द नाही.

मी जिन्यापर्यंत पाठोपाठ गेले. तोंडात भांडण तयार होतं. सर कठड्याला धरून उभे राहिले आणि म्हणाले, "मला बोलाय येत न्हाय वैनी. शिकवाय येतंय. रंकाळ्यावर पोहाय शिकवणारा काठावरच हुबा असतोय की." मग जरा थांबून म्हणाले, पेटी आणली असती तर जमलं असतं. त्यांचा चेहरा इतका पडला होता की माझं भांडण तिथंच गळ्यात राहिलं. उभ्या जन्मात या माणसानं इंग्रजीतलं एक वाक्यही चालीशिवाय कुणासमोर म्हटलं नव्हतं. भीत होते. आमच्यापेक्षा जास्त भीत होते. मला वाईट वाटलं, आणि राग गेला नाही म्हणून त्याचंही वाईट वाटलं.

त्यानंतर दोन-चार दिवसांत एका सकाळी पोरगा आणि सून बाहेर गेले होते. पोर झोपली होती. मी भाकरी थापायला बसले, आणि सवय वाईट, ओवी सुरू झाली. ओवी माझ्या वाटणीची, म्हणजे नुसती उत्तरं. "आय अ‍ॅम मेकिंग भाकरी, सर." भाकरीला इंग्रजी नाही, कारण इंग्रजांनी ती कधी केली नाही, असं सरांनी ठरवून टाकलं होतं. मग समोरच्या ओळीची जागा यायची. तिथं टाळी धरायची, तर हात पिठात, म्हणून भाकरीच थापायची. थप थप थप थप. "इट इज इन द किचन, सर." थप थप थप थप. "येस, आय अ‍ॅम हंग्री, सर." थप थप थप थप.

पाठीमागं दारात काहीतरी हललं. मी वळले नाही. का वळले नाही देव जाणे, पण समोरची ओळ असताना वळायचं नाही, हे अंगात भिनलेलं. मी पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. मी भाकरी करते आहे. थप थप. आणि त्या रिकाम्या जागेत, अगदी बारीक आवाजात, माझ्याच चालीत आलं, "व्हॉट आर यू डूइंग?"

पोरीनं उत्तरावरून प्रश्न हुडकला होता. मी उत्तर दिलं. तिनं पुढच्या रिकाम्या जागेत पुढचा प्रश्न घातला. साखर कुठं आहे? तुला भूक लागली का? चूक झाली की हसायची आणि दुसरा घालून बघायची. मग गाण्यातले प्रश्न संपले आणि तिनं आपले काढले. ही गोल का? ती फुगली का? तुझ्या हातात बांगड्या का? या 'का'ला माझ्याजवळ एकच उत्तर होतं, साडीच्या दुकानाच्या गाण्यातलं. "बिकॉज आय लाइक इट, सर." भाकरी गोल का, कारण मला आवडते, सर. पाऊस का पडतो, कारण मला आवडतो, सर. पोर जमिनीवर लोळायला लागली. 'सर' आला की तिला हसू आवरेना. पोरगा आणि सून परत आले तेव्हा तव्यावर भाकरी करपलेली आणि आम्ही दोघी पिठात बसलेल्या. पोरगा म्हणाला, काय म्हणतेय ती, सांगू का? मी म्हटलं, तू जा, हात धू.

राहिलेले दिवस कसे गेले कळलं नाही. परत गेल्यावरही दर रविवारी फोन वाजला की ती पलीकडून चाल धरायची आणि मी अलीकडून उत्तर द्यायची. मी सरांना हे सगळं सांगितलं तेव्हा ते खूश होतील असं वाटलं होतं. त्यांनी एवढंच विचारलं, ताल सांभाळते का पोरगी? मी म्हटलं सांभाळते. म्हटलं, आता तरी मला समोर बसवा. ते म्हणाले, अजून न्हाय.

आणि मग एका रविवारी नातीनं फोनवर एक प्रश्न विचारला. चाल नव्हती, टाळी नव्हती. पडद्याला नाक लावून म्हणाली, "आजी, व्हेन आर यू कमिंग?" माझ्या कुठल्याच गाण्यात याचं उत्तर नव्हतं. तिला वाटलं फोन बंद पडला, ती हॅलो हॅलो करत राहिली.

सकाळ होताच मी सरांकडं गेले. म्हटलं, याला एक ओळ बांधून द्या. त्यांनी प्रश्न दोनदा ऐकला. पेटी उघडली, ओवी लावून बघितली, गवळण लावून बघितली, पोवाडा लावला, भैरवीवर आले आणि तिथंही थांबले. मग पेटी मिटून म्हणाले, "याला चाल न्हाय वैनी. याला तिकीट लागतंय."

मला काय विमानाची हौस नव्हती. मालकांचे गुडघे गेलेले, ते येणार नव्हते. मी कोल्हापूरच्या बाहेर एकटी कधी पुण्यालाही गेले नव्हते. पण उत्तर द्यायचं राहिलं होतं, आणि वधूपक्षानं उत्तर ठेवून घ्यायचं नसतं. पोरानं कागदपत्रं केली, तिकीट पाठवलं, आणि भर थंडीत मी निघाले. सरांनी पोवाडा रोज घोटून घेतला. स्टँडवर सोडायला आले तेव्हा माझ्या हातात आल्याच्या वड्या दिल्या आणि सांगितलं की साहेब बोलत असताना टाळी सोडायची नाही.

तिकडं उतरल्यावर ती लांबलचक रांग, काचेमागं साहेब, लालबुंद, मिशीवाला. मी मांडीशी दोन बोटांनी टाळी धरली. त्यानं गाण्यातलंच विचारलं. कशासाठी आलात, किती दिवस राहणार, कुणाकडं. मी सगळी उत्तरं दिली, छाती पुढं काढून, सुरात पण हळू. तोही मान डोलवायला लागला होता, खोटं सांगत नाही. मग त्यानं पासपोर्टवर शिक्का मारता मारता मध्येच हात थांबवला आणि हसून म्हणाला की मॅडम, एवढ्या थंडीत का आलात, उन्हाळ्यात यायचं की.

हे पोवाड्यात नव्हतं, आणि असल्या थंडीला 'आय लाइक इट' म्हणणं खोटं झालं असतं. मांडीवरची बोटं थांबली. आता पाठीमागून पोरगा येऊन सांगणार नव्हता, तो दाराबाहेर होता. सरांची पेटी समुद्रापलीकडं होती. मी त्या माणसाच्या तोंडाकडं बघितलं आणि म्हटलं, "माय ग्रँडडॉटर आस्क्ड."

बस्स, एवढंच. शेवटी 'सर' लावायचंही राहून गेलं. त्यानं शिक्का मारला. बाहेर आले तेव्हा ती लोकरीच्या गाठोड्यासारखी पळत आली आणि माझ्या पोटाला मिठी मारून विचारायला लागली, भाकरीचं पीठ आणलंस का.

परत आले तेव्हा इकडं लग्नसराई आटपत आली होती. मुहूर्त नसलेल्या पहिल्या दिवशी मी वर्गाला गेले आणि सरांना साहेबाचं सांगितलं. ते पेटीच्या पट्ट्या पुसत होते. विचारलं, "कुठल्या चालीत सांगितलं?"

"चाल नव्हती सर. नुसतंच बोलले."

"नुसतंच?"

"नुसतंच."

सरांनी फडका घडी करून खिशात घातला. मग समोरच्या पट्टीकडं बोट दाखवलं. "जावा. तितं बसा."

मलकापूरच्या जावांतल्या थोरल्या बाई सरकल्या, त्यांच्या शेजारी मी बसले. तिथून हॉल वेगळाच दिसत होता. आमच्यात पद्धत होती, ओळीत नवं माणूस आलं की पहिला प्रश्न त्यानं विचारायचा. सरांनी सूर धरला आणि माझ्याकडं बघून मान हलवली. मी गायला तोंड उघडलं, आणि मला जिन्यात कठड्याला धरून उभे राहिलेले सर आठवले. मी गायले नाही. नुसतंच विचारलं, जसं आपण एकमेकांना विचारतो तसं.

"सर, हाऊ आर यू?"

पेटीचा सूर थांबला. दोन्ही पक्ष टाळी धरायचं विसरले. सरांची बोटं पट्ट्यांवर घुटमळली, मग त्यांनी हात उचलून मांडीवर ठेवले. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मला वाटलं आता हे उठून जातात. पण सर उठले नाहीत. घसा साफ केला, माझ्याकडं सरळ बघितलं, आणि चालीशिवाय, हळू, एकेक शब्द पारखून म्हणाले, "फाइन. थँक यू." मग जरा थांबून, "अँड यू?"

हा प्रश्न त्यांनी कुठल्याच ओळीला शिकवला नव्हता. वरपक्षात बसलेल्या बाईनं उत्तर द्यायचं नसतं. मी दिलं.